ज्यात काहीच होत नाही

एका लांबलचक जपानी कार्टूनमधली माणसं काय जेवतात, कशावरून भांडतात, नदीत कशी पडतात आणि ओले कपडे कुठे वाळत घालतात, हे मला पाठ आहे. त्यांची गोष्ट काय, ते मात्र मला विचारू नका. गोष्ट मी बघितलेलीच नाही. मी बघितलं ते गोष्टीतून काढून टाकलेलं. आणि ते काढणारा होता मिलिंद साळवे, अंबरनाथला बुवापाड्यात माझ्या शेजारच्या खोलीत राहणारा.

उंच माणूस, पण चालताना असा वाकायचा की दारं सगळी आपल्यासाठी बुटकी केलीत असं त्याला वाटत असावं. शर्टाच्या खिशात कुणाची ना कुणाची लग्नपत्रिका. ओळखीतली नव्हे, कामातली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये एका सिंधी शेठच्या दुकानात तो मिक्सिंग करायचा. आता ज्यांना मिक्सिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लग्नाचं शूटिंग करणारे वेगळे आणि मिक्सिंगवाले वेगळे. शूटिंगवाला कॅसेटींचा ढीग आणून टाकतो. मिक्सिंगवाला कॉम्प्युटरवर बसून त्यातून तीन तासांचं लग्न काढतो, गाणी भरतो, नवरानवरीला बदामात बसवतो.

"आपल्या लग्नात कापायला काही नसतं मावशी," मिलिंद म्हणायचा. "बुद्धवंदना झाली, हार घातले, अर्ध्या तासात मोकळे. सिंधी लग्न चार दिवस चालतं. तिथे आमच्यासारख्याला काम."

काम झालं की तो डोळे मिटून बसायचा. मी एकदा त्याच्याकडे साखर मागायला गेले, तर कॉम्प्युटर चालू, लग्न चाललंय, आणि हा खुर्चीत डोळे मिटून. म्हटलं झोप लागली बिचाऱ्याला. वळले तर म्हणाला, "थांबा मावशी, तुकड्यांचे जोड तपासतोय."

"डोळे मिटून?"

"डोळ्याला जोड चकवतो. कानाला नाही चकवत. झटका बसला तर कानाला आधी कळतं."

दुसरी त्याची सवय म्हणजे काढलेलं काही टाकायचं नाही. लग्नातून जे कापायचा ते वेगळ्या कॅसेटीवर उतरवून, नाव घालून, दुकानाच्या माळ्यावर ठेवायचा. शेठ वैतागायचा. "साळवे साईं, ये कचरा क्यों पालता है तू? माला है कि धर्मशाला?" मिलिंद नुसता हसायचा.

मग एक दिवस एक सिंधी बाई दुकानात आली. सासरे वारले होते. मुलाच्या लग्नाची कॅसेट तिने तीनदा बघितली होती, त्यात सासरे फक्त एकदा, तेही पाठमोरे. मिलिंद माळ्यावर चढला. दोन तास शोधलं. कापलेल्यात सासरे सापडले. जेवणाच्या टेबलाशी उभे, वाढप्याशी जिलेबीवरून वाद घालतायत. एवढी छोटी काय वाढतोस, माझ्या घरचं लग्न आहे. मिनिटभराचंसुद्धा नव्हतं ते. बाई तिथेच स्टुलावर बसली आणि म्हणाली, फिर से लगाओ. मिलिंदने सात वेळा लावलं.

"लग्नातलं काय कापतात माहितीये मावशी?" हे सांगून झाल्यावर तो मला म्हणाला. "जेवणं. वाट बघणं. म्हातारी माणसं खुर्चीत बसलेली. त्यात काही होत नाही ना, म्हणून."

एवढं ज्याला कळत होतं त्याने पुढे जे केलं, त्याचं मला अजून नवल वाटतं. पण आपलं कळणं आपल्याच घरात चालत नाही, हे माझ्याही बाबतीत खरं आहे.

तर मिलिंदला एक मुलगी. तेजस्विनी, तेजू. बायकोचं आणि त्याचं पटलं नाही. कुणाचं चुकलं त्यात मी जात नाही, भिंत पातळ होती तरी मी कान लावलेला नव्हता. बायको मुलीला घेऊन बदलापूरला भावाकडे राहायला गेली. कोर्टाने ठरवून दिलं, महिन्यातला दुसरा रविवार, अकरा ते चार. तेजूचा मामा तिला मोटरसायकलवरून आणायचा. आत यायचा नाही. नाक्यावरून एकदा हॉर्न वाजवायचा सोडताना, एकदा न्यायला आला की.

पहिले काही रविवार बघवत नव्हते. पाचवीतली पोर खुर्चीच्या कडेला बसायची, पाठीवरची बॅगही काढायची नाही. हा विचारणार, शाळा कशीये? ती म्हणणार, बरी. जेवणार? नको. मग हा माझ्याकडे यायचा. "मावशी, तुम्ही जरा येऊन बसता का?" मी जाऊन बसायची. मग तिघं मिळून गप्प बसायचो.

त्या मुलीला बोलतं केलं ते त्या कार्टूनने. टीव्हीवर लागायचं आणि मध्येच बंद केलं होतं. एक पोरगा पाठीवर भलीमोठी घंटा बांधून डोंगरावरच्या देवळात परत टांगायला निघालाय. बरोबर एक जाडी बाई आणि एक एकडोळ्या म्हातारा. खरी नावं जपानी, ती माझ्या तोंडात बसली नाहीत, मी त्यांना जाडी आणि एकडोळ्याच म्हणते. घंटा डोंगरावर पोचते की नाही, याच्यावर सगळं.

"पप्पा, पुढे काय झालं ते कुणालाच माहीत नाही," तेजू म्हणाली. त्या घरात तिने स्वतःहून बोललेलं ते पहिलं लांब वाक्य.

मिलिंदने एका सायबर कॅफेवाल्याला धरलं. त्याने इंटरनेटवरून भाग उतरवून द्यायला सुरुवात केली. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं. मिलिंद ती वाचून मराठीत बोलायचा, जाडीचं जाड्या आवाजात, एकडोळ्याचं घोगऱ्या. कार्टून सुरू झाल्यावर तिसऱ्या भेटीत तेजूची बॅग पाठीवरून उतरली. मी भिंतीपलीकडून ऐकलं, ती म्हणत होती, "पप्पा, तुम्ही जाडीला आमच्या शाळेतल्या बाईंसारखं का बोलता?" आणि हा म्हणत होता, "तुझ्या बाई जाडीसारख्या बोलतात, त्याला मी काय करू?"

पण भाग होते दोनशेच्या वर. एका रविवारी तीन व्हायचे. मिलिंदने पत्रिकेच्या पाठीवर हिशोब मांडला आणि माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"मावशी, सहा वर्षं लागतील. तेव्हा ती अकरावीत असेल. अकरावीतली मुलगी बापाकडे कार्टून बघायला येईल का?"

"दुसरं काही बघायला येईल."

"दुसरं काय आहे माझ्याकडे?" तो म्हणाला. "एक गोष्ट अर्धी टाकून झालीये मावशी तिच्या पदरात. ही तरी पुरी करतो."

आणि मग त्याने कापायला घेतलं. त्या कार्टूनवाल्यांची एक अडचण असते म्हणे. मूळ गोष्ट जपानात कुणीतरी दर आठवड्याला थोडी थोडी चित्रात लिहीत असतो. टीव्हीवाले त्याच्या मागोमाग निघतात आणि त्याला गाठतात. मग तो पुढचं लिहीपर्यंत यांनी करायचं काय? नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत बँडवाले एकच गाणं घोळवतात ना, तसं हे मधले भाग घोळवतात. घंटा जागची हलत नाही. ही तिघं रस्ता चुकतात, कुणाची मांजर शोधतात, गरम पाण्याच्या कुंडात बसतात. मिलिंद त्याला भरताड म्हणायचा. जगभरातले त्याच्यासारखे वेडे इंटरनेटवर याद्या करून ठेवतात, कुठला भाग खरा आणि कुठला भरताड. त्या याद्या त्याने पत्रिकांच्या पाठीवर उतरवून भिंतीला लावल्या होत्या. कुणाचा शुभविवाह उलटा, नि वर भागांचे नंबर.

चाळीत हसायचे. "पस्तिशीचा घोडा, कार्टून बघतो." समोरच्या वाघमारे काकू मला म्हणाल्या, "अहो, त्याला सांगा, दुसरं लग्न कर. मुंबईला मुली काय कमी आहेत?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मला साखर लागते त्याच्याकडून.

सोपं नव्हतं ते काम. नुसते भाग गाळून भागत नाही. भरताडात मध्येच एखादी खरी गोष्ट लपलेली असते. एका भागात सगळा वेळ मांजर शोधण्यात गेला, पण शेवटी एकडोळ्याने पोराला एक चाकू दिला. पुढे तो चाकू महत्त्वाचा. मग चाकू ठेवायचा आणि मांजर काढायची, आणि दोन्हीकडचं संगीत असं जुळवायचं की झटका बसू नये. भागाच्या सुरुवातीचं मागचं उगाळणं काढायचं, एकमेकांकडे टक लावून बघणं काढायचं. दुकान अकराला उघडायचं. हा पहाटे उठून नऊपर्यंत हेच करायचा. भिंतीपलीकडून मला एकच वाक्य जपानीत दहा दहा वेळा ऐकू यायचं, मग शांत व्हायचं. शांत झालं की मला कळायचं, डोळे मिटून बसला असेल.

दोनशेचे नव्वद झाले, आणि प्रत्येकाची लांबी निम्मी. एका रविवारी सहा व्हायला लागले. तेजू टाळ्या वाजवायची. गोष्ट पळायला लागली.

काढलेलं टाकवेना, म्हणून ते मिलिंद माझ्याकडे आणून द्यायचा. माझी माणसं तेव्हा पांगली होती. यजमान गेलेले, पोरगा दूर नोकरीला, दुपार सरता सरत नसे. त्याने सीडीचं जुनं यंत्र मला लावून दिलं होतं. "हे बघा मावशी, वेळ जाईल. यात काही होत नाही, त्यामुळे मधूनच लावलं तरी चालतं."

मी बघायला लागले. भाषा कळेना, खालचं इंग्रजी वाचता येईना, पण भात शिजवणं कुठल्याही भाषेत कळतं. संध्याकाळी तो आला की मी सांगायची, "आज जाडी नदीत पडली. एकडोळ्याने बांबू धरला तर तोही पडला."

"ते गोष्टीत नाही मावशी."

"नसेल. पडली ना पण?"

तो हसायचा. त्याचं हसणं आवाजाचं नव्हतं, नुसते खांदे हलायचे.

वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीतला रविवार. मामाचा हॉर्न वाजला, तेजू आली, आणि पहिला भाग सुरू होऊन पाच मिनिटं झाली तोच नाक्यावरच्या तारेवर फांदी पडली. लाईट गेली ती गेलीच. मी थालीपीठं घेऊन गेले, तर बाप लेक बंद कॉम्प्युटरसमोर बसलेले.

"पप्पा, तोंडी सांगा ना."

"पुढची गोष्ट तोंडी नको, मजा जाईल," मिलिंद म्हणाला. त्याने थोडा विचार केला. "दुसरं सांगतो. एकदा जाडी नदीत पडली."

माझं थालीपीठ तोंडाकडे जाता जाता थांबलं. तो माझा भाग होता.

त्याने ते सगळं सांगितलं. जाडीचे कपडे वाळेपर्यंत तिला घोंगडीत गुंडाळून बसवतात, पोरगा घंटेवर कपडे वाळत घालतो, घंटा तापलेली असते म्हणून बाह्या करपतात. मी मध्ये मध्ये सुधारत होते. "एक नव्हे, दोन्ही बाह्या." तेजू हसून हसून आडवी झाली. तिने मग घरचंही सांगायला घेतलं, मामीने इस्त्रीने साडी कशी जाळली, कोण किती ओरडलं. इतक्या महिन्यांत तिने बदलापूरच्या घरातलं काही सांगितलं नव्हतं. चार कधी वाजले कळलं नाही.

चपला घालताना ती थांबली. "पप्पा, हे आपण बघितलं का नाही?"

"ते भरताड होतं. काढलं मी."

"का?"

"त्यात काही होत नाही बेटा."

"अजून किती काढलेत?"

"शंभराच्या वर."

"आणि राहिले किती?"

"दहा."

नाक्यावर हॉर्न वाजला. ती गेल्यावर मिलिंद पत्रिकांच्या भिंतीसमोर उभा राहिला. मग मला म्हणाला, "मावशी, मी दुकानातला माळा सांभाळला, आणि घरी कात्री लावली." मी म्हटलं, "अरे, माझ्याकडे सगळे आहेत. एकही गेलेला नाही." मला वाटलं होतं, एवढं म्हटलं की झालं.

पण पुढच्याच आठवड्यात कळलं, तेजूच्या आईला नागपूरला नोकरी लागली. वार्षिक परीक्षा झाली की जायचं. हातात रविवार राहिले दोन.

मार्चच्या रविवारी तेजू पहिली माझ्या दारात आली. "आजी, ते तुमच्याकडे आहेत ना?" माझ्याच खोलीत बसलो तिघं. मी खाटेवर, ती दोघं खाली सतरंजीवर. मिलिंद आवाज काढून सांगत होता आणि मी पुढचं आधीच फोडत होते. "आता बघ, मांजर छपरावर आहे." तेजू म्हणाली, "आजी, तुम्ही गप्प बसा ना जरा." कितीतरी दिवसांनी मला कुणी गप्प बसायला सांगितलं होतं. मिलिंद पडद्याकडे बघत नव्हता. पोरीच्या मानेवर केसांची एक बट सुटली होती, तिच्याकडे बघत होता. मध्येच त्याने डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. ती हसत होती, ते ऐकत.

मग पलीकडे त्यांच्या खोलीत थोडे खरेही भाग झाले त्या दिवशी, तेजूनेच मागितले म्हणून. एप्रिलच्या रविवारी उरले शेवटचे चार, एका सीडीवर. मिलिंदने सीडीला नवीन कव्हर आणलं होतं, वर मार्करने 'शेवट' लिहिलं होतं. टेबलावर ठेवली होती. मी पापड तळून घेऊन गेले तेव्हा तेजू ती हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"आज ही नको," ती म्हणाली.

"अगं, मग कधी? तुझी तर गोष्ट राहील."

"मी सुट्टीत येईन ना तेव्हा. तोपर्यंत तुम्हीपण बघायची नाही. शप्पथ?"

"नाही बघणार."

"आज मांजरीचं परत लावा."

चारला हॉर्न वाजला. तिने वाकून मला नमस्कार केला, बापाला केला नाही. त्याच्या शर्टाच्या खिशातली लग्नपत्रिका काढून घेतली आणि बॅगेत टाकली. पाठीवर भागांचे नंबर होते. "मला लागेल," म्हणाली.

मे महिन्यात ती आली नाही. दिवाळीत मिलिंदनेच फोन लावला, मामाच्या घरून नंबर मिळवून. बोलणं मला ऐकू आलं, भिंत पातळच होती. शाळा कशीये. बरी. थंडी आहे का तिकडे. आहे.

दुसऱ्या रविवारची सुट्टी मात्र त्याने सोडली नाही. लग्नसराईतला रविवार, शेठ चिडायचा. "साईं, बेटी तो नागपुर में है, छुट्टी किस बात की?" त्या दिवशी सकाळी मिलिंद दाढी करायचा, खोली झाडायचा, आणि अकरा वाजले की माझ्या दारात. "मावशी, लावा काहीतरी." आम्ही जाडीला नदीत पडताना बघायचो. नाक्यावर कुणाचाही हॉर्न वाजला की त्याची मान वळायची. त्या शेवटच्या सीडीचं पाकीट त्याच्या खोलीत फोटोंखालच्या फळीवर होतं. धूळ बसू नये म्हणून वर रुमाल.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मिक्सिंगचं काम उतरलं. त्याने खोली सोडली आणि जांभूळ गावाकडे कुठे तरी राहायला गेला. जाताना काढलेल्या भागांचा सगळा डबा माझ्याकडे ठेवला. ते एक पाकीट तेवढं शर्टाच्या खिशात, पत्रिका असायची तिथे.

त्यानंतर मी त्याला एकदाच बघितलं, दोन वर्षांनी. बदलापूरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. वंदना झाली, हार झाले, अर्ध्या तासात मोकळे. मंडळी जेवायला बसली. शूटिंगवाला पोरगा नवरानवरीच्या मागे धावत होता, आणि दुसरा एक कॅमेरा जेवणाच्या पंगतीत फिरत होता, सावकाश. वाकून चालणं मी ओळखलं. केस पिकले होते.

"मिलिंद, तू? आता शूटिंगला?"

"मिक्सिंग कोण देतं आता मावशी. तब्येत?"

"आहे. तेजू?"

"दहावीला आहे. उंच झालीये म्हणे."

"आली होती?"

त्याने बटण दाबून काही तरी बघितल्यासारखं केलं. "येईल. दहावी होऊ दे."

मला राहवेना. "ती शेवटची सीडी बघितलीस का रे? एवढं पोचवलंस डोंगरापर्यंत. टांगली का त्यांनी घंटा?"

"यादीप्रमाणे त्यात भरताड नव्हतंच मावशी. काढायला काही नव्हतं, मग मी ती उघडलीच नाही." मग म्हणाला, "ती आली की बघू."

वाढपी आमच्या पंगतीत आला. मिलिंदने कॅमेरा खांद्यावर घेतला, वरचा दिवा लावला. मी पदर सारखा करून त्याच्याकडे तोंड केलं, फोटोला करतो तसं.

"इकडे बघू नका मावशी," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "जेवा."

मी मान खाली घातली. भात कालवला, एक घास घेतला, मग दुसरा. वाटलं, आता पुढे सरकेल. पंगत मोठी होती, माझ्यापुढे शंभर माणसं जेवत होती. तो दिवा माझ्या पानावरून हलला नाही.